गिअरबॉक्स उतरवण्याआधी

दहा-पंधरा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी सांभाळणाऱ्याला कधी ना कधी गॅरेजमध्ये एक वाक्य ऐकावं लागतं : ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ या कामाचा खर्च कित्येकदा गाडीच्या बाजारभावाच्या आसपास जातो. मग मालक घाबरतो. एक तर गाडी मिळेल त्या किमतीला काढून टाकतो, नाही तर नीट निदान होण्याआधीच मोठ्या कामाला होकार देऊन बसतो. दोन्ही निर्णय बहुतेक वेळा घाईचे असतात. ऑटोमॅटिकच्या पुष्कळशा तक्रारींचं मूळ तेल, उष्णता आणि वीज या तीन गोष्टींत सापडतं, आणि या तिन्ही गोष्टी गिअरबॉक्स जागेवर असतानाच तपासता येतात. म्हणून तपासणी स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरू व्हावी आणि उतरवण्याची वेळ आलीच तर ती शेवटी यावी.

आधी प्रकार ओळखा

क्लचचं पायडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, एवढीच ओळख पुरेशी नाही. आपल्या रस्त्यांवरच्या ऑटोमॅटिक गाड्यांत चार वेगवेगळी यंत्रं आहेत आणि प्रत्येकाची दुखणी निराळी आहेत.

सर्वांत जुनं घराणं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचं. जनरल मोटर्सनं १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी ‘हायड्रामॅटिक’ आणला. त्यात इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरपर्यंत पोचवणारं कपलिंग होतं. पुढे त्याची जागा टॉर्क कन्व्हर्टरनं घेतली. इंजिनाला जोडलेलं पात्यांचं एक चाक तेल ढकलतं, ते तेल समोरचं दुसरं चाक फिरवतं, आणि मधलं तिसरं छोटं चाक परतणाऱ्या तेलाला वळण देऊन ओढ वाढवतं. गाडीनं वेग धरला की आतला लॉक-अप क्लच ही दोन चाकं थेट जोडून टाकतो. त्यामागे प्लॅनेटरी गिअर, क्लचप्लेटांचे गठ्ठे आणि कोणत्या गठ्ठ्याला कधी तेलाचा दाब द्यायचा हे ठरवणारी व्हॉल्व्ह बॉडी असते. व्हॉल्व्ह बॉडीतली विजेवर चालणारी बारीक झडपं म्हणजे सोलेनॉइड.

दुसरा प्रकार सीव्हीटी. हॉलंडच्या डॅफ कंपनीनं १९५८ मध्ये रबरी पट्ट्यावर चालणारी अशी छोटी गाडी सादर केली होती. आताच्या सीव्हीटीत दोन पुलींवरून शेकडो पातळ चकत्यांचा पोलादी पट्टा फिरतो. पुलींची रुंदी कमी-जास्त होते आणि त्यानुसार गिअर गुणोत्तर सलग बदलत राहतं. आपल्याकडे २००३ च्या होंडा सिटीमुळे हा प्रकार बऱ्याच घरांत पोचला.

तिसरा प्रकार दुहेरी क्लचचा. सम गिअरांना एक क्लच, विषम गिअरांना दुसरा. २००३ मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ आर-३२ मध्ये तो आणला आणि २०१३ मध्ये चाकणला बनणाऱ्या पोलो जीटी टीएसआयमधून तो आपल्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

चौथा प्रकार एएमटी. मारुतीच्या सेलेरिओनं २०१४ मध्ये तो स्वस्त गाडीत आणला. यात गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट नेहमीच्या मॅन्युअल गाडीचेच असतात, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम एक अॅक्च्युएटर करतो.

आपल्याकडे यांपैकी काय आहे हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावं. एकावरचा इलाज दुसऱ्याला लावला तर घातही होतो. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं तेल भरल्यामुळे पट्टा आणि पुली कायमच्या खराब झाल्याची उदाहरणं गॅरेजवाल्यांना नवी नाहीत.

सगळं तेलावर चालतं

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समधलं तेल, म्हणजे एटीएफ, एकाच वेळी अनेक कामं करतं. ते ताकद पोचवतं, क्लच दाबतं, गिअरांना वंगण देतं आणि आतली उष्णता बाहेर नेऊन कूलरला देतं. साहजिकच तेल कमी पडलं की ही सगळी कामं एकदम बिघडतात. दाब कमी पडतो, क्लच पुरता दाबला जात नाही, प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, आणि त्या उष्णतेनं उरलेलं तेलही जळायला लागतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे तेल पाहणं. ज्या गाड्यांना एटीएफची पातळी मोजायची दांडी आहे त्यांत हे घरच्या घरी होतं. पंधरा-वीस मिनिटं चालवून गाडी गरम करावी आणि सपाट जागी उभी करावी. ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवावा आणि पुन्हा ‘पी’वर आणावा. बहुतेक गाड्यांत पातळी इंजिन चालू ठेवून पाहतात. होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांत मात्र इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटाच्या आत पाहायची असते. हा फरक लक्षात न घेता पाहिलं, तर तेल पुरेसं असूनही कमी वाटतं किंवा कमी असूनही पुरेसं वाटतं. दांडी नसलेल्या गाड्यांत तेल ठरावीक तापमानाला असताना खालचा ओव्हरफ्लो बोल्ट उघडून पातळी पाहतात. ते काम लिफ्ट आणि स्कॅनर असलेल्या गॅरेजचं आहे.

मग दांडीवरचा एक थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाकावा आणि उजेडात नीट पाहावा. बहुतेक एटीएफ नवं असताना लालसर आणि पारदर्शक असतं. थेंब पसरून कडेला फिकट लाल वर्तुळ उमटलं तर तेलाची तब्येत ठीक आहे. तपकिरी असेल, पण वास नेहमीचा असेल तर तेल म्हातारं झालंय, बदलायला हवं. काळं असेल, जळका वास येत असेल आणि मध्यभागी बारीक काळे कण उरत असतील, तर क्लचप्लेटांचं अस्तर झिजून तेलात उतरलंय. गुलाबी, दुधाळ दिसलं तर तेलात पाणी शिरलंय. अशी गाडी तिथून पुढे चालवू नये.

पाणी दोन वाटांनी येतं. एक वाट रेडिएटरमधून. अनेक गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो आतून फुटला की कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात. दुसरी वाट पुराची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतरही पावसाळ्यात गाड्या बुडण्याचे प्रसंग येतच राहिले आहेत. बुडालेल्या गाडीच्या गिअरबॉक्सवरच्या ब्रीदर नळीतून पाणी आत जातं. क्लचप्लेटांचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं आणि डिंकानं चिकटवलेलं असतं. पाणी आणि कूलंट दोन्ही तो डिंक सोडवतात. त्यामुळे बुडालेल्या गाडीचं इंजिन सुरू करून पाहण्याआधी तेल तपासणं हाच शहाणपणा.

तेल बदलावं की नाही?

ऑटोमॅटिकचं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो, अशी भीती आजही पुष्कळांच्या मनात आहे. तिच्यामागे अनुभव आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. आधीच घसरणाऱ्या, जळक्या तेलाच्या गिअरबॉक्सची प्लेट संपत आलेली असते. तिथे तेल बदलून झिजलेलं अस्तर परत येत नाही. गाडी काही दिवसांत बंद पडते आणि दोष नव्या तेलाच्या माथी येतो. गिअर नीट पडत असतील तेव्हाच तेल बदलणं खऱ्या अर्थानं उपयोगी पडतं.

‘आयुष्यभराचं तेल’ हा दावाही तपासून घ्यायला हवा. अनेक मोटार कंपन्या आपल्या गिअरबॉक्समध्ये तेल बदलायची गरज नाही असं सांगत आल्या, पण त्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदलायला सांगते. मर्सिडीजच्या १९९६ पासूनच्या पाच गिअरी ७२२.६ गिअरबॉक्सचं तेलही सुरुवातीला कायमचं मानलं गेलं होतं, पुढे कंपनीनं ते बदलण्याची शिफारस केली. आपल्या उन्हाळ्यात आणि शहरातल्या खोळंबलेल्या वाहतुकीत तेल जास्त तापतं. त्यामुळे ४० ते ६० हजार किलोमीटरला तेल बदलणं जुन्या गाडीसाठी रास्त आहे.

बदलताना मशीन लावून दाबानं फ्लश करण्याचा आग्रह धरू नये. गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट काढून जेवढं तेल निघेल तेवढं काढावं, मोजावं आणि तेवढंच नवं भरावं. एका वेळी साधारण निम्मंच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. पण हेच काम काही दिवसांच्या अंतरानं तीनदा केलं तर जुनं तेल साडेबारा टक्क्यांच्या आसपास उरतं आणि गिअरबॉक्सला धक्काही बसत नाही.

तेल कोणतं, हे माहितीपुस्तिका ठरवेल, दुकानदार नव्हे. टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-३ आणि एसपी-४, होंडाचं डीडब्ल्यू-१, निसानच्या सीव्हीटीचं एनएस-२ आणि एनएस-३ ही नावं सारखीच भासली तरी तेलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. घर्षणाचं गणित प्रत्येकाचं वेगळं असतं.

चेंबर खोलला की आतलं लोहचुंबक पाहायला विसरू नये. त्यावर राखाडी रंगाचा मऊ लगदा असणं स्वाभाविक आहे, ती वर्षानुवर्षांची झीज आहे. बोटांना टोचणारे चमकदार तुकडे, पितळी चुरा किंवा काळ्या अस्तराच्या खपल्या दिसल्या तर आतलं काहीतरी तुटतंय. चेंबर उघडताना आपण समोर उभं राहिलो, तर पुढच्या खर्चाचा अंदाज तिथेच येतो.

लक्षणं काय सांगतात?

गाडी गिअरबॉक्समुळेच त्रास देते आहे का, हे आधी ठरवावं. दांडा ‘पी’वरून ‘डी’वर आणल्यावर गिअर पडायला दोन-तीन सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल, विशेषतः सकाळी थंड गाडीत, तर तेल कमी आहे किंवा आतली सीलं कडक झाली आहेत. गाडी वेग घेत नाही, पण इंजिनाचा आवाज चढतो, याचा अर्थ क्लच घसरतोय. गिअर बदलताना दणका बसत असेल, तर सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडीबरोबर इंजिनाची फाउंडेशनंही तपासावीत. फाटलेल्या फाउंडेशनमुळे बसणारा दणका गिअरबॉक्सच्या नावावर खपून जातो.

ताशी ५० ते ७० किलोमीटरच्या दरम्यान, हलक्या अॅक्सिलरेटरवर, टोलनाक्याआधीच्या आडव्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर संशय लॉक-अप क्लचवर जातो. पण अगदी अशीच थरथर खराब प्लगमुळे किंवा इग्निशन कॉइलमुळेही होते. दोन्हींतला फरक ओळखायची एक साधी युक्ती जुन्या मेकॅनिकांना ठाऊक असते. रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर थरथर सुरू असतानाच ब्रेकच्या पायडलला अगदी हलका स्पर्श करायचा, फक्त मागचा दिवा लागेल एवढाच. ब्रेकचा स्विच दाबला गेला की कंट्रोलर लॉक-अप सोडून देतो. थरथर त्या क्षणी थांबली तर दोष लॉक-अपकडे आहे. चालूच राहिली तर आधी प्लग आणि कॉइल पाहा. एवढ्याशा तपासणीनं एका मोठ्या बिलाची दिशाच बदलू शकते.

विजेचं दुखणं

गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकली, वेग धरेना आणि डॅशबोर्डवर दिवा लागला की मालकाला वाटतं, सगळं संपलं. प्रत्यक्षात बऱ्याचदा कंट्रोलरनं गिअरबॉक्स वाचवण्यासाठीच गाडी या ‘लिंप मोड’मध्ये टाकलेली असते. कारण एखादा वेग मोजणारा सेन्सर असू शकतो, कमकुवत बॅटरी असू शकते, गंजलेलं अर्थिंग असू शकतं.

मर्सिडीजच्या त्याच ७२२.६ गिअरबॉक्सचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. या गिअरबॉक्सच्या जुन्या ई-क्लास आणि सी-क्लास आजही पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात फिरतात. गिअरबॉक्सच्या बाजूला तारांचा जोड आत नेणारा प्लास्टिकचा एक प्लग असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं त्याची रबरी रिंग कडक होते आणि तेल झिरपू लागतं. ते जमिनीवर थेंब थेंब पडतंच, शिवाय तारांच्या आतून वर चढत जाऊन थेट कंट्रोलरपर्यंत पोचतं. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकते आणि पुढचा गिअर पडत नाही. आतले गिअर, प्लेटा, पंप सगळं शाबूत असतं. प्लग बदलला, कंट्रोलर आणि त्याचा जोड साफ केला, तेलाची पातळी भरून घेतली की गाडी पूर्ववत धावते. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक पूर्ण गिअरबॉक्स खोलायला काढेल.

म्हणून स्कॅनर लावल्याशिवाय कोणतंही मोठं काम मान्य करू नये. भारतात १ एप्रिल २०१३ नंतरच्या पेट्रोल-डिझेल मोटारींत ओबीडी-२ आहे, त्यामुळे कोड वाचणं सोपं आहे. मात्र कोड म्हणजे निकाल नव्हे. पी ०७०० इतकंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे तक्रार नोंदली आहे. पी ०७१५ इनपुट सेन्सरकडे बोट दाखवतो, पी ०७३० गिअरचं गुणोत्तर जुळत नसल्याचं सांगतो, पी ०७४१ लॉक-अपकडे. त्यानंतर ती तार, तो सेन्सर, तेलाचा दाब हे प्रत्यक्ष मोजणं हीच खरी तपासणी. ओबीडी-२ आधीच्या अनेक जुन्या होंडा गाड्यांत डॅशबोर्डवरचा ‘डी’चा दिवा लुकलुकून कोड सांगतो. ती लुकलुक मोजता येणारा कारागीर शोधावा.

बॅटरी काढून बसवल्यावर गिअर काही काळ खडबडीत पडत असतील तर लगेच घाबरू नये. अनेक कंट्रोलर गिअर बदलण्याची आपली जुळणी विसरतात आणि पुन्हा शिकतात.

बाकीच्या तिघांची काळजी

२००३ च्या सिटीच्या सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टर नाही, तेलात बुडालेला स्टार्ट क्लच आहे. सिग्नलवरून निघताना गाडी थरथरत असेल तर आधी होंडाचं ठरवलेलं सीव्हीटीचंच तेल भरून स्टार्ट क्लचची जुळणी नव्यानं करून घ्यावी. कित्येकदा एवढ्यानंच थरथर जाते. पुली घासल्याचा सततचा करकरता आवाज मात्र दुर्लक्षून चालत नाही.

फोक्सवॅगनच्या सात गिअरी, कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समधल्या तेलामुळे विजेचे दोष होत असल्यानं कंपनीनं २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून कृत्रिम तेलाऐवजी खनिज तेल भरलं. हा क्लच तेलात थंड होत नाही. म्हणून वाहतूक कोंडीत इंचाइंचानं गाडी सरकवत राहणं त्याला सोसत नाही. पुढे थोडं अंतर पडू द्यावं, मग एका दमात निघावं.

एएमटीचं दुखणं बहुतेकदा क्लचप्लेटचं किंवा अॅक्च्युएटरचं असतं. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की प्लेट जळते. गाडी हँडब्रेकवर धरा आणि निघताना तो सोडा. गिअर अडकत असेल तर अॅक्च्युएटरचं तेल, त्याचा पंप आणि क्लचची स्कॅनरवरची जुळणी आधी पाहावी. प्लेट बदलल्यावर ही जुळणी केली नाही तर नवी प्लेटही चुकीची वागते.

उतरवायचाच असेल तर

जळकं तेल, चुंबकावर धातूचे तुकडे आणि गिअर घसरणं ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर गिअरबॉक्स उघडायलाच हवा. तेव्हा काम कोणतं होणार हे लिहून घ्यावं. प्लेटा आणि सीलं बदलताना कन्व्हर्टर दुरुस्त किंवा नवा होणार का? कूलर आणि त्याच्या नळ्या साफ होणार का? हा दुसरा प्रश्न विसरू नये, कारण जुन्या गिअरबॉक्सचा चुरा कूलरमध्ये राहिला तर नवं काम काही महिन्यांत वाया जातं. काढलेले जुने भाग परत मागावेत आणि लेखी वॉरंटी घ्यावी.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत जुना गिअरबॉक्स मिळू शकतो. घेताना त्यावरचा कोड आपल्या गाडीशी अक्षरन् अक्षर जुळतो का ते पाहावं, आतलं तेल टिश्यूवर टाकून पाहावं, आणि शक्य असेल तर तो गाडीतून काढण्याआधीच चालवून बघावा.

जुनी ऑटोमॅटिक विकत घेणाऱ्यांनीही हेच करावं. बॉनेटला हात लावून गाडी थंड आहे ना ते पाहून पहिल्यांदा सुरू करावी. एखादा चढ, एखादी रिव्हर्समधली चढण आणि किमान अर्धा तास शहरातली वाहतूक यांत ती चालवावी.

रोजच्या सवयी

उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग ‘पी’, नाही तर सगळा भार एका छोट्या खुंटीवर येतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘डी’वरून ‘आर’वर जाऊ नये. खंबाटकी किंवा पसरणीचा घाट चढताना गिअर सतत वर-खाली होत असतील तर ओव्हरड्राइव्हचं ‘ओडी ऑफ’ बटण दाबावं किंवा खालचा गिअर निवडावा, म्हणजे तेल कमी तापतं. उतरताना कधीही न्यूट्रल करू नये. बंद पडलेली ऑटोमॅटिक ओढून नेताना इंजिनाची ताकद मिळणारी चाकं जमिनीवर नसावीत, कारण तेलाचा पंप इंजिनावर चालतो आणि इंजिन बंद असताना वंगण मिळत नाही. रेडिएटरची जाळी स्वच्छ ठेवणं आणि कूलंट वेळेवर बदलणं हीसुद्धा गिअरबॉक्सचीच देखभाल आहे.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करून पुढे आणखी पाच वर्षं गाडी वापरायची की नाही, हा निर्णय प्रत्येकानं आपल्या खिशानुसार घ्यावा. पण तो निर्णय तेल पाहून, कोड वाचून, तार आणि दाब मोजून झाल्यावर घ्यावा. नीट तपासलेली आणि वेळेवर तेल मिळालेली जुनी ऑटोमॅटिक पुष्कळ वर्षं निमूटपणे चालते, आणि तिचं खरं दुखणं आधी शोधणारा कारागीर आपल्या पैशांची सर्वांत जास्त राखण करतो.